सन्माननीय सदस्यांनी बसून घ्यावे

१२ जानेवारी

आज दारावरची पाटी बदलली. सदस्य निवासातल्या या घराला पाच वर्षांत रंगाचा हात लागला नाही, पण पाटी बदलायला माणूस सकाळीच हजर. जुनी पाटी तडकली होती हे खरं. नव्या पाटीवर वर हिचं नाव, खाली ‘संसद सदस्य’. त्याच्याही खाली माझं नाव घाला असं मी बजावलं होतं, ते घातलंय, पण इतक्या बारीक अक्षरात की पोस्टमनला वाकावं लागेल. नावापुढचं ‘माजी’ मात्र ठसठशीत आलंय.

मी त्या माणसाला विचारलं, “हे असं का?”

तो म्हणाला, “साहेब, जागा उरली तेवढीच होती.”

जागा माझी, आणि मला उरली तेवढी. म्हणून आज ही वही काढली. पूर्वी मनात काही आलं की मी ते सभेत बोलून टाकत असे. त्यानंच घात केला.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहून ठेवतो. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार, पण सवय आहे. मी सलग तीनदा खासदार झालो. तिसऱ्या निवडणुकीच्या शेवटच्या सभेत टाळ्या पडत गेल्या आणि मी बोलत गेलो. जे कायद्यानं बोलू नये तेही बोललो. विरोधकांनी ते भाषण कोर्टात नेलं, टाळ्यांसकट. खटला रेंगाळत राहिला आणि माझी तिसरी मुदत संपत आली तेव्हा निकाल लागला: सहा वर्षं निवडणूक लढवता येणार नाही. पुढच्याच वर्षी निवडणूक. आमचे पक्षाध्यक्ष, ज्यांना सगळे ‘थोरले’ म्हणतात, त्यांनी विचारलं, आता उभं कुणाला करायचं? मी म्हटलं, आमच्या हिला करा. ही शाळेत गणित शिकवायची. तिचा राजकारणाशी संबंध एवढाच, की माझे शर्ट पांढरेशुभ्र असायचे.

मी तिला सांगितलं, “पाच वर्षं खुर्ची गरम ठेवायची. बाकी मी बघतो.”

“आणि बोलायचं काय?”

“लिहून देईन ते.”

पहिलं वर्ष तिनं लिहून दिलेलं वाचलं. दुसऱ्या वर्षी त्यातलं अर्धं वाचलं. आता माझ्या कागदांवर ती चष्म्याचं घर ठेवते, उडू नयेत म्हणून.

माझी बंदी एप्रिलमध्ये उठते. निवडणूक मेमध्ये आहे. जागा मला परत मिळणार हे उघड आहे. काल थोरल्यांना फोन करून तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “बघू.” पंधरा वर्षं मी लोकांना ‘बघू’ म्हणत आलोय. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

१९ जानेवारी

सचिवाचं वागणं बदललंय. हा माणूस मी आणला, मी कामाला लावला. पूर्वी मी खोलीत आलो की उठून उभा राहायचा. आता अर्धवट उठतो, आणि मी ‘बस, बस’ म्हणायच्या आत बसतो.

आज फोन वाजला. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, साहेब आहेत का. मी समोरच्या कोचावर पेपर वाचत बसलो होतो, खोकलोसुद्धा. सचिव म्हणाला, “मॅडम सभेला गेल्यात. पाचनंतर करा.”

मी म्हटलं, “मी आहे ना इथे.”

“हो साहेब. पण त्यांना काम होतं.”

मला काम नसतं असं तो म्हणाला नाही, एवढंच.

हिची एक नवी खोड सांगायची राहिली. मंत्र्यांकडून उत्तरं येतात ती ही लाल पेनानं तपासते. आजच्या एका पत्रावर तिनं समासात लिहिलं होतं, ‘प्रश्नाला धरून लिहा.’ सचिव ते बघून खूश. माझ्या काळात तो माझ्या विनोदांना हसायचा.

२८ जानेवारी

मतदारसंघात आलोय. हिच्याबरोबर मुलीला घ्यायला इस्पितळात गेलो होतो. ती तिथे डॉक्टर आहे. परत येताना रेल्वेचं फाटक लागलं.

हे फाटक म्हणजे माझ्या पंधरा वर्षांचं दुखणं. गावाच्या मधोमध रूळ. अलीकडे बाजार, पलीकडे इस्पितळ. फाटक पडलं की रुग्णवाहिकासुद्धा भाजीच्या हातगाड्यांमागे उभी. त्यावर पूल बांधा म्हणून मी सभागृहात किती वेळा उठलो ते मोजायला नको. दरवेळी उत्तर एकच: ‘विचाराधीन आहे.’

आज आमची गाडी फाटकापाशी थांबली. एक म्हातारे गृहस्थ मला ओळखून हसत हसत माझ्या खिडकीकडे आले. मी काच खाली केली. ते म्हणाले, “नमस्कार साहेब, बरे आहात ना?” आणि गाडीला वळसा घालून हिच्या खिडकीशी गेले. मग एक बाई आल्या. मग दोन कॉलेजच्या मुली. सगळे तिकडेच. माझ्या खिडकीतून नुसती धूळ आत येत होती. शेवटी मी काच वर केली.

मी मुलीला म्हटलं, “फाटक बंद झालं की एका गावाची दोन गावं होतात, हे मी माझ्या पहिल्याच भाषणात म्हटलं होतं. सगळ्या पेपरांत आलं होतं.”

मुलगी म्हणाली, “बाबा, हे तर आई म्हणायची. शाळेतून मला घेऊन यायची तेव्हा आम्ही इथेच थांबायचो. तेव्हा तुम्ही खासदार पण नव्हता.”

लहान मुलांना काहीही आठवतं.

३ फेब्रुवारी

अधिवेशन सुरू झालं. निवडणुकीआधीचं शेवटचं. फाटकाचा प्रश्न हिनं पुन्हा लावून धरलाय. मी बसून भाषण लिहून काढलं. सुरुवात रेल्वेच्या इतिहासापासून केली, मग देशाची प्रगती, मग सरकारचा नाकर्तेपणा. ठेवणीतले शब्द काढले. आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

हिनं वाचलं. म्हणाली, “छान आहे. पण यात फाटक तिसऱ्या पानावर येतं.”

“तोपर्यंत वातावरणनिर्मिती होते.”

“अहो, मला दोन मिनिटं आहेत.”

दोन मिनिटांत मी ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून पाणी प्यायचो. मग तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. पर्समध्ये ठेवले म्हणजे वाचणार नाही, हे मला आता समजतं.

१० फेब्रुवारी

माजी सदस्यांना सभागृहाच्या उपाहारगृहात जाता येतं. एवढी एक मेहेरबानी ठेवलीय. आज तिथे गेलो, तर ही कोपऱ्यातल्या टेबलावर खोकल्याबरोबर चहा पीत होती.

खोकला म्हणजे समोरच्या, सरकारी बाकांवरचा. मी बोलायला उभा राहिलो की याला खोकल्याची उबळ यायची, ती मी बसेपर्यंत टिकायची. त्यावरून सगळं सभागृह त्याला खोकला म्हणू लागलं. माझं भाषण कोर्टात नेणारा हाच. फाटकाच्या पलीकडचा मतदारसंघ त्याचा आहे. माझ्या उभ्या आयुष्यात मी या माणसाशी सरळ बोललेलो नाही.

आणि आमची सन्माननीय सदस्या त्याच्यासमोर बसून हसत होती. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलेपर्यंत. घरी माझ्यासमोर अशी हसलेली मला आठवत नाही. मी चहा न घेता परतलो.

संध्याकाळी घरी जाताना गाडीत हिला विचारलं, “काय चाललं होतं?”

“फाटकाचं. त्यांची माणसंही तिथेच अडकतात. आम्ही दोघं मिळून प्रश्न विचारतोय, म्हणजे मंत्र्यांना एका पक्षाचा म्हणून उडवून लावता येणार नाही.”

“त्यात हसण्यासारखं काय आहे?”

“ते म्हणाले, तुमचे यजमान निवडणुकीतून गेले आणि माझा खोकला औषधाशिवाय गेला.”

ती पुन्हा हसली. ड्रायव्हरही हसला. त्याचा पगार ठरवायला मीच बसलो होतो.

दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न. इतकी सोपी गोष्ट पंधरा वर्षांत मला कशी सुचली नाही, असं कुणाला वाटेल. मला सुचली असती. पण मी त्या माणसाबरोबर चहा प्यायलो नसतो.

१५ फेब्रुवारी

थोरल्यांकडे जाऊन आलो. ते बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या घरी कुणी आलं की ते त्याच्यापुढेही शेंगा सरकवतात. सोलता सोलता माणूस खरं बोलतो असं त्यांचं मत आहे.

म्हणाले, “तुला जागा हवी आहे?”

“हवी म्हणजे काय, माझीच आहे.”

“ती काय म्हणते?”

“ती काय म्हणणार?”

“विचारलंस?”

मी शेंगा सोलत राहिलो. ते म्हणाले, “हे बघ, मला एका घरातून दोन अर्ज नकोत. तुम्ही दोघांनी बसून ठरवा आणि एकानं मला कळवा. मी वर्तमानपत्रातून वाचणार नाही.”

मग मी एक गोष्ट त्यांच्या कानावर घातली. नुसती कानावर घातली, तक्रार केली नाही. म्हटलं, ती हल्ली खोकल्याबरोबर बरीच असते. रोज चहा होतो. उद्या ती कोणत्या बाजूच्या बाकावर बसेल, मी सांगू शकत नाही. पक्षाचं हित बघणं माझं कर्तव्य आहे.

थोरल्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाले, “अस्सं.”

येताना फार हलकं वाटत होतं. घरी आलो तर हिनं माझ्यासाठी चहाचं पाणी आधीच ठेवलं होतं. चहा नेहमीसारखाच होता, पण मला तो गोड लागेना.

२४ फेब्रुवारी

तिला अजून विचारलेलं नाही. विचारायचं काय त्यात? ठेव म्हणून दिलेली वस्तू परत घेताना कुणी परवानगी मागतं का?

आज दोनदा विचारायला गेलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा मोकळी होती, तर मी विचारलं, “माझा निळा स्वेटर कुठे आहे?” तिनं माझ्या अंगाकडे बघितलं. तो मी घातलेलाच होता.

४ मार्च

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

आज फाटकाचा प्रश्न होता. ही सकाळी म्हणाली, “येताय का गॅलरीत? पास काढून ठेवलाय.” मी म्हटलं, बघू. मग गेलो.

प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसलो. समोर पाटी: कठड्यावर रेलू नये, टाळ्या वाजवू नयेत, हातवारे करू नयेत. खाली माझी जागा. चौथ्या रांगेत कडेची, उजवा हात मोकळा राहतो म्हणून मी मागून घेतलेली. तिथे ही बसलेली. तिच्यापुढे एकच कागद होता, माझ्या तीन पानांतलं एकही नव्हतं.

प्रश्न पुकारला. आधी खोकला बोलला, थोडक्यात. मग अध्यक्षांनी माझ्या मतदारसंघाचं नाव घेतलं.

आमच्या सभागृहाची रीत अशी, की अध्यक्ष सदस्याला नावानं पुकारत नाहीत, मतदारसंघाच्या नावानं पुकारतात. पंधरा वर्षं त्या नावाला मी उठत आलोय. मी उठलो. जाकिटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि म्हणालो, “अध्यक्ष महाराज.”

आवाज माझा अजून चांगला आहे. वरून खाली स्वच्छ गेला.

खाली ही उभी, वर मी उभा. सगळं सभागृह माना वर करून बघत होतं. मला काय झालंय ते कळलं, पण गुडघे वाकेनात. मग कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. अध्यक्षांच्या आसनावरून मला पंधरा वर्षं ‘सन्माननीय सदस्यांनी बसून घ्यावे’ असं सांगितलं गेलं. आज तिथून आवाज आला, “त्या गृहस्थांना बाहेर न्या.”

मार्शल ओळखीचा. कोपराला हात लावून हळूच म्हणाला, “चला साहेब. मला लाजवू नका.”

दार बंद होता होता मी मागे वळून पाहिलं. ही वर माझ्याकडे बघत काहीतरी बोलत होती. ऐकू आलं नाही. त्या दाराला गादी ठोकलेली आहे, आवाज बाहेर येत नाही. नंतर फक्त बाकांचा धडधडाट तेवढा जाणवला. बाक कधी वाजवतात ते मला माहीत आहे. कुणाची तरी चांगली फिरकी घेतली की वाजवतात.

ही घरी आली तेव्हा अंधार पडला होता. मी डोकं दुखतंय म्हणून पडून होतो.

“उशीर झाला?”

“एक काम होतं, ते करून आले.” मग पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, “अहो, मंत्री हो म्हणाले. पूल होणार. यंदाच काम सुरू करतो असं सभागृहात सांगितलं.”

“अभिनंदन,” मी म्हटलं. कुणी गेल्यावर भेटायला जातो तेव्हा असतो तसा आवाज लागला.

“डोकं फार दुखतंय का?”

“माझ्याबद्दल काय बोललीस?”

“ते कामकाजातून काढून टाकलं.”

“पण काय ते?”

“काढलेला शब्द पुन्हा उच्चारायचा नसतो, तुम्हीच शिकवलंत ना.” आणि ती हसली.

हसली म्हणून मी पुढे विचारलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

५ मार्च

सगळ्या पेपरांत माझा फोटो. तोंड उघडं, एक हात बटणावर. एकानं खाली छापलंय, ‘सवय सुटेना.’

सभागृहाचा छापील वृत्तांत सचिवाकडून मागवला. हिच्या नावापुढे कंसात एकच ओळ: ‘कामकाजातून काढून टाकण्यात आले.’ तो कंस मी ओळखतो. माझ्या भाषणांत असे कंस इतके, की मूळ भाषण त्यांच्या मधेमधे सापडायचं. पण ते मी दुसऱ्यांना बोललेलो असायचो. आज पहिल्यांदा कंसात मी आहे, आणि आत घालणारी माझी बायको आहे. काढून टाकण्याइतकं वाईट बोलली असणार. बाकही वाजले.

पेपरवाल्यांना काढलेला मजकूर छापता येत नाही. सचिवाला विचारलं तर म्हणाला, “साहेब, मी ऑफिसात होतो. मॅडमनाच विचारा ना.” त्याच्या तोंडावर एक मऊ भाव होता. माझी कीव करणारा सचिव मला नकोय.

मला राग आवरेना. पाच वर्षं दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. पाटीवरचं ‘माजी’, गाडीची खिडकी, रुमाल धरून हसणं. थोरल्यांना फोन लावला.

“आमचं ठरलं,” मी म्हणालो. “जागा मी लढवणार. तिला पुरे झालंय.”

“तिनं असं सांगितलं?”

“हो.”

“तिनं स्वतः, तुला?”

“हो. मला.”

पलीकडे एक शेंग फुटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “बरं.”

हवं होतं ते झालं. हिला संध्याकाळपर्यंत सांगणार होतो. ती मतदारसंघात गेली, पुलाचं ऐकून लोकांनी बोलावलंय. मला चला म्हणाली होती, मी गेलो नाही.

९ मार्च

सदस्य निवासामागच्या बागेत फिरायला गेलो होतो. बाकावर खोकला बसलेला. मी वळून परत निघालो तर त्यानं हाक मारली.

“अहो, बसा की. आता काय आपण एकमेकांविरुद्ध मतदान करणार आहोत?”

मी उभाच राहिलो. म्हणालो, “परवा मजा आली असेल.”

“कशाची?”

“बाक वाजवायला.”

“हो, सगळ्यात आधी मीच वाजवला,” तो म्हणाला. “माझ्या पक्षात त्यावरून बोलणी खाल्ली. पण तुमच्या पत्नी बोलल्याच तसं.”

“काय बोलली?”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्हाला माहीत नाही? घरी सांगितलं नाही त्यांनी?”

“काढून टाकलं ना ते.”

“काढावंच लागतं. गॅलरीत बसलेल्या माणसाचा उल्लेख सभागृहात करता येत नाही, नियम आहे. त्यांनाही ठाऊक होता. तरी बोलल्या.” मग तो खरोखरच खोकला, आणि त्यानं हिचे शब्द सांगितले. हिच्याच संथ आवाजात सांगायचा प्रयत्न केला. शाळेत फळ्याकडून वळून बोलतात तसा.

“अध्यक्ष महाराज, वर जे उभे राहिले ते चुकून उभे राहिलेले नाहीत. या फाटकासाठी ते पंधरा वर्षं उभे राहत होते आणि हे सभागृह त्यांना बसवत होतं. आज जर उत्तर मिळणार असेल, तर ते त्यांना उभ्यानं ऐकू द्या.”

मी बाकावर बसलो.

खोकला म्हणाला, “तोवर तुम्हाला बाहेर नेलं होतं. अध्यक्षांनी त्यांना समज दिली, वाक्यं काढली, पण मंत्र्यांनी ऐकलं होतं ना. त्यानंतर त्यांना ‘विचाराधीन’ म्हणता येईना.” मग म्हणाला, “तुमच्याबद्दल इतकं चांगलं या सभागृहात कुणी बोललं नव्हतं. मी तर कधीच नाही.”

मी म्हणालो, “मला खोकल्याचं औषध माहीत आहे एक.” हे का म्हणालो कोण जाणे.

१० मार्च

सकाळीच थोरल्यांकडे गेलो. शेंगा पुढे आल्या, मी हात लावला नाही. म्हटलं, “मी परवा फोनवर खोटं बोललो. तिला मी काहीच विचारलेलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“चार तारखेला सभागृह उठल्यावर ती सरळ इथेच आली होती. इथेच बसली, तू बसलायस तिथे. म्हणाली, या खेपेला जागा त्यांना द्या. मग दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, तिला पुरे झालंय म्हणून. मी तुला दोनदा विचारलं. मला बघायचं होतं तू काय सांगतोस ते.”

ते म्हणाले, “आणखी एक. तू ते खोकल्याबरोबरच्या चहाचं माझ्या कानावर घातलंस ना, ते मी दुसऱ्याच दिवशी तिला फोन करून विचारलं होतं. पक्षाध्यक्ष आहे मी, विचारावं लागतं.”

“दुसऱ्याच दिवशी?”

“हो.”

“तुम्हाला कुणी सांगितलं, ते तिनं विचारलं का?”

“नाही. म्हणाली, त्यांना राग आला की ते असंच बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका.”

म्हणजे फेब्रुवारीपासून तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं माझ्यासाठी पास काढला, आणि ठाऊक असून सभागृहात ते बोलली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. कोर्टातसुद्धा नाही.

ही दुपारी मतदारसंघातून आली. सचिवाला मी बाहेर पाठवलं. ती टेबलाशी पत्रांवर सह्या करत होती. मी समोरच्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसलो.

“तुला हवी आहे का ही जागा?”

तिनं पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय.”

“विचारतोय ना पण.”

“हवी आहे,” ती म्हणाली. जराही वेळ लागला नाही तिला. “फार हवी आहे. हवी होती हे मलाही आधी माहीत नव्हतं.”

“मग थोरल्यांना जाऊन नको का म्हणालीस?”

तिनं सह्या झालेली पत्रं एकावर एक नीट ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही वर उभे होतात ना, तेव्हा मला तुमचे हात दिसत होते. तुम्ही जाकिटाचं बटण लावत होतात. मला वाटलं, माझ्याकडे शाळा होती, मुलगी होती, आता हे आहे. यांच्याकडे एवढंच आहे.”

कुत्सितपणे म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण तिनं वही तपासावी तसं सरळ सांगितलं.

तिच्यासमोरच थोरल्यांना फोन लावला. म्हटलं, उमेदवारी तिला द्या. ते म्हणाले, “घाई नाही. विचार करून सांग.”

मी म्हणालो, “विचार केला तर सांगणार नाही. म्हणून आत्ताच सांगतोय.”

मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. ही दैनंदिनी आहे, भाषण नाही. फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला फार बरं वाटलं आणि पोटातही दुखलं, दोन्ही एकदम.

२ एप्रिल

फाटकापाशी पुलाच्या जागेची आखणी सुरू झालीय. मुलीनं फोटो पाठवला. खुंट्या, दोऱ्या आणि मध्ये ही, डोक्याला रुमाल बांधून. मी फोटो मोठा करून पाहिला. मागे पाठमोरा उभा आहे तो खोकलाच असावा. बघून पुन्हा थोडं जळलंच.

संध्याकाळी तिनं प्रचाराचं पहिलं भाषण मला वाचायला दिलं. पहिल्याच ओळीत फाटक. मी लाल पेन घेऊन बसलो आणि खाडाखोड करायला काही सापडेना. शेवटी एक स्वल्पविराम घातला. तिनं तो ठेवला.

१७ एप्रिल

माझी बंदी गेल्या आठवड्यात उठली. आता मी उभा राहू शकतो.

आज हिचा अर्ज भरला. अर्जाला सूचक लागतो, म्हणजे या बाईंना उमेदवारी मिळावी असं लिहून देणारा त्याच मतदारसंघातला मतदार. तिनं परवा विचारलं होतं, “सूचक कोणाला करू?” मी म्हटलं होतं, “बघू.” ती म्हणाली, “अहो, तुमचं ‘बघू’ मला नको.” मग मी हो म्हटलं.

निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत लाकडी खुर्च्यांची रांग. बाहेर आपली आणि परकी माणसं. शेजारच्या मतदारसंघांचे अर्जही इथेच घेतात, म्हणून खोकलाही आला होता, त्याच्या स्वतःच्या अर्जासाठी. लांबून त्यानं हात केला, मीही केला. मी माझ्या सहीच्या जागी सही केली. अधिकारी तरुण होता, मला ओळखलं नाही. त्यानं विचारलं, “उमेदवाराशी नातं?” मी सांगितलं. “व्यवसाय?” मी जरा थांबलो. ही म्हणाली, “सल्लागार.” अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. सल्ला तिनं किती ऐकला ते त्यानं विचारलं नाही.

मग आम्ही पुन्हा रांगेत जाऊन बसलो. शपथ घ्यायला एकेकाला पुढे बोलावत होते. नावानं नाही, मतदारसंघानं.

आमच्या मतदारसंघाचं नाव पुकारलं गेलं.

माझा हात जाकिटाच्या बटणाकडे गेला. गुडघे ताठ व्हायला लागले. हिनं माझ्याकडे पाहिलं, पण हात धरला नाही, काही बोललीही नाही. थांबली. मी म्हटलं असतं तर ती तेव्हाही बसून राहिली असती, याची मला खात्री आहे.

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ती उठली आणि पुढे गेली. मी बसून राहिलो.